‘मी विसरले’ म्हणणाऱ्या हार्लंडबाई

एडिथ हार्लंड यांच्याशी माझी पहिली ओळख माझ्या चुकीमुळे झाली, आणि चूकही साधीसुधी नव्हे. भर प्रयोगात, बाई गप्प असताना मी तोंड उघडलं. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त आमच्या दुबईच्या नाट्यमंडळानं गौरवग्रंथासाठी चार चांगले शब्द मागितले आहेत. चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत, मी आपलं घडलं ते लिहितो.

एकोणीसशे साठचं दशक होतं. अमिरात हा देश अजून व्हायचा होता. मी रत्नागिरीचा हमीद, बत्तीस वर्षांचा, दुबईच्या खाडीवरच्या एका इंग्रजी जहाज कंपनीत टायपिस्ट. गावी आई, बायको, दोन मुली आणि दोन धाकटे भाऊ होते, आणि घरची चूल माझ्या एकट्याच्या नोकरीवर पेटत होती. हार्लंडबाई तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर नावाजलेल्या होत्या. बेकरीवाल्याची ही मुलगी सोळाव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीत कपड्यांना इस्त्री करायला लागली आणि तिथून नायिकेपर्यंत पोचली. चित्रपटांनी बाईंना घरोघरी नेलं, पण कॅमेऱ्यापुढे चुकलं तर पुन्हा करता येतं, म्हणून त्यांचा जीव त्यात कधी रमला नाही.

शारजातल्या इंग्रज छावणीच्या हॉलमध्ये त्यांच्या नाटकाचे दोन प्रयोग ठरले होते. ऐन वेळी त्यांचा प्रॉम्प्टर तापानं आडवा झाला. संयोजक होते आमचे मॅनेजरसाहेब. इंग्रजी वाचणारा आणि गावी प्रॉम्प्टिंग केलेला माणूस म्हणून त्यांनी मला विंगेत बसवलं.

आमच्या गावच्या हौशी नाटकात प्रॉम्प्टर पुढे आणि नट मागे! पाठांतर कोणी करत नसे. नट जरा थांबला की वाक्य फेकायचं, नाही तर नंतर शिव्या खायच्या. इंग्रजांचा प्रॉम्प्टर नट खरोखर अडल्याशिवाय बोलत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या अंकात नवऱ्याच्या मृत्यूची तार वाचून बाई थांबल्या. हॉल चिडीचूप. मला वाटलं, अडल्या! मी खणखणीत आवाजात पुढचं वाक्य दिलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाईंनी तेच वाक्य म्हणून प्रसंग पुढे नेला खरा, पण त्या प्रसंगाचा जीव मी घेतला होता.

सकाळी आमचे हेडक्लार्क, श्रीवर्धनचे उस्मानभाई, माझ्या टेबलापाशी आले.

“हमीद, साहब बहुत गरम है. एक लेटर टाइप कर. गुरुवारच्या बोटीनं एक माणूस मुंबईला परत.”

“कोण?”

“तूच रे. नोकरी खलास.”

माझ्या पाठवणीचं पत्र मीच टाइप केलं. सही मात्र साहेबांनी संध्याकाळच्या दुसऱ्या प्रयोगानंतर करायची ठेवली, कारण बाईंचा निरोप आला होता की विंगेत कालचाच माणूस हवा.

संध्याकाळी मी माफी मागू लागलो तर त्यांनी मला थांबवलं. “मिस्टर हमीद, मी गप्प झाले की माझ्या हातांकडे बघा. हात काही करत असतील तर मी नाटकात आहे. हात लुळे पडले तर मला वाचवा.” एवढ्या मोठ्या नटीनं रागवायचं सोडून एका टायपिस्टला आपली विद्या उलगडून दाखवली.

तारेचा प्रसंग आला. बाई थांबल्या. बोटं कागदाची घडी घालत होती. मी ओठ घट्ट मिटून बसलो आणि प्रसंग असा रंगला की माझेच डोळे भरले.

तिसऱ्या अंकात बाई पुन्हा थांबल्या. आदल्या दिवशी त्या इथे थांबल्या नव्हत्या. समोरच्या विंगेतून साहेब ओठांवर बोट ठेवून मला दटावत होते. बाईंचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. बोललो आणि चुकलो तर गुरुवारची बोट ठरलेली. गप्प राहिलो तर कदाचित मी वाचेन, बाई बुडतील. या अल्ला, म्हटलं, आणि हळूच तीन शब्द दिले. बाईंनी ते अलगद उचलले.

पडदा पडताच साहेब धावून आले. “पुन्हा तेच!”

बाई मध्ये उभ्या राहिल्या. सगळ्या कंपनीसमोर म्हणाल्या, “मी विसरले होते. यांनी मला वाचवलं.”

त्यांचा दिग्दर्शक कुजबुजला, “कोणाला कळलंही नसतं.”

“यांना कळलं होतं,” बाई म्हणाल्या.

पुढे दर हिवाळ्यात बाई दुबईला येत राहिल्या आणि आमच्या मंडळाच्या तालमींना सतरंजीवर बसत राहिल्या. चूक लपवणाऱ्या नटाला त्या असं काही फैलावर घेत की विचारू नका, आणि कबूल करणाऱ्याला स्वतः चहा ओतून देत. हा चहा मी अनेकदा प्यायलो आहे.

हा लेख माझी नात बाईंना इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. काल तिनं विचारलं, “बाबा, डज शी नो अबाउट द लेटर?” नाही. साहेबांनी ते त्याच संध्याकाळी फाडलं आणि मी बाईंना कधी बोललो नाही. लाज वाटायची.

तर बाई, आज ऐका. मी राहिलो म्हणून माझे भाऊ इथे आले, मुली शिकल्या, संसार उभे राहिले. अल्ला तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य देवो. ही दुआ माझ्या एकट्याची नाही. ते पत्र फाटलं म्हणून आज अजमानच्या आमच्या घरी एका दस्तरखानावर जेवायला बसणारी सतरा माणसं माझ्याबरोबर आमीन म्हणताहेत.