कलावतीचे चार दिवस

माझी सून विजयमाला भांडत नाही. नुसती "नाही" म्हणते आणि सुई चालूच ठेवते. माझा मुलगा हिंदुराव विमा कंपनीच्या बदलीनं साताऱ्याहून जयपुरात आला. इथं आपलं कोण, म्हणून मी डोळ्यांना पदर लावून बसले. हिनं तोवर खातीपुऱ्यातल्या सहा बायका जमवल्या आणि जवळच्या बगरू गावच्या छापील कापडाच्या बाळगोधड्या शिवायला घेतल्या.

२००५ साली दिल्लीच्या एका दुकानदारानं दोनशे गोधड्या सांगितल्या. एवढं मोठं काम पहिलंच. आठवड्यानं त्याचा फोन आला, माल चार दिवस आधी हवा.

नातू निलय तेव्हा धंद्याचंच कॉलेज शिकत होता. त्यानं कागदावर सूत, धुणं, छपाई, शिलाई, ट्रक, दुकान असं लिहून बाण काढले.

"आजी, ही साखळी. मतलब, एक कडी काढली की दिवस वाचले!"

त्याचं बोट नेमकं धुण्यावर, म्हणजे कलावतीवर. बगरूची ही बाई कोऱ्या कापडाची खळ धुते, मग ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवते. चार दिवस जातात.

"ती काढ आणि बघ," मी म्हटलं. "मी काढली होती एकदा."

हिरडा म्हणजे आमच्याकडे पोटाचं औषध. तिच्याकडचं पिवळट कापड पहिल्यांदा छपाईआधी घरात आलं, तेव्हा मळकं समजून मी ते साबणानं पांढरंफेक केलं. बगरूच्या छपाईवाल्या देवरामनं त्यावर छापलं, तर काळी वेल दुसऱ्या धुण्यात राखेसारखी झाली. हिरड्याशिवाय काळा रंग धरत नाही, हे तेव्हा कळलं.

विजयमालानं दुकानदाराला तेच सांगितलं.

"अहो, धुवायच्या आत विकून मोकळे होऊ," तो म्हणाला.

"बाळाची गोधडी रोज धुतात, भाईसाहेब. दिवस कमी होणार नाहीत."

"मग ऑर्डर रद्द."

"करा."

सहा बायकांचे हात थांबले. निलय ओरडला, "आई, दोनशे होत्या!"

"तुझ्या कागदावर दुकानदार शेवटी आहे, म्हणून काय तो सगळ्यांचा मालक झाला?"

तिनं लगेच बगरूला फोन लावला. "देवरामजी, कलावतीला सांगा, कापड भिजव. पुऱ्या दोनशेचं."

"आणि विकायच्या कुठं गं?" मी विचारलं.

"इथल्याच आदर्श नगरात, दारोदार. नमुने आहेत ना दहा. तुम्ही चला, आई. भाजीवाल्याला बोलता तसं बोला."

मी लुगडं बदलायला उठले.