लाल पेटीतला भंडारा

पोत्याची शिवण उसवली की आधी वास येतो. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत टचकन पाणी आणणारा, तरी मागे कुठेतरी मधासारखा गोडवा ठेवणारा निपाणीच्या तंबाखूचा वास! मग पिवळसर धूळ उठते आणि वखारीच्या झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत संथपणे तरंगत राहते. इथे जबलपुरात बिड्या वळणाऱ्या बायकांना तो नुसता मालाचा वास. मला मात्र त्या एका श्वासात माघातली आमची काळी शिवारं दिसू लागतात. कापून आडवी पाडलेली तंबाखूची झाडं उन्हात पसरली आहेत, वेदगंगेवरून गार वारा येतो आहे आणि पाटाकाठची माणसं शिंकता शिंकता एकमेकांना हसताहेत.

माझे मालक या वखारीत पोती तोलणारे तोलार आहेत आणि आमची खोली वखारीच्या मागच्याच अंगाला आहे. मी शिकले ती मराठी चौथी. पुढे वाचत गेले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. तेवढ्या विद्येवर लिहायला बसावं का, ही धाकधूक मनाशी असतेच. टपालवाला दारावरून पुढे गेला तरी धस्स होणारं माझं मन! पण हल्ली नळावर बायकांचा एकच विषय असतो. म्हणे आता नवं राज्य येणार, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, शिकला-न शिकला, सगळ्यांना मत मिळणार. ‘मत म्हणजे काय हो असतं?’ असं परवा शेजारणीनं विचारलं आणि मला उत्तर सुचेना. डोळ्यांपुढे उभी राहिली ती माझी थोरली चुलती, गोदाक्का. तिच्या पदराच्या टोकाची ती लहानशी गाठ.

त्या काळी मत सर्वांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्याला होतं, आणि चुलत्यांच्या माघारी जमीन गोदाक्काच्या नावावर लागली होती, म्हणून आमच्या घरातल्या बायकांत ते तिला एकटीलाच आलं. मी लग्नानंतर पहिल्यानंच माहेरपणाला आले होते आणि जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर होती. एका बाजूला गावचे इनामदार उभे. पाट त्यांचा, पाण्याच्या पाळ्या त्यांच्या हाती. त्यांच्या कारभाऱ्यानं, आप्पानं, मतदारांना बिरोबाच्या देवळात बोलावलं आणि भंडाऱ्याचं ताट पुढे धरलं. आमच्या मुलखात भंडारा उचलणं म्हणजे देवाला साक्षी ठेवून शब्द देणं. उजव्या हाताच्या मुठीत हळद घ्यायची, मत कुणाला ते मोठ्यानं बोलायचं, कपाळाला लावायची आणि उरलेली मत टाकेपर्यंत जपून ठेवायची. शब्द मोडला तर घरातल्या लेकराबाळाला बाधतं, असा समज. गोदाक्कानंही उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. तेव्हा तिला दुसरं कोण उभं आहे हेही ठाऊक नव्हतं.

ते कळलं चार दिवसांनी. निपाणीचे एक म्हातारे मास्तर धोतराचा सोगा हातात धरून दारोदार फिरत आले. त्यांच्यापाशी ना गाडी ना ताट. त्यांचं एकच म्हणणं होतं, की मुलींची शाळा चौथीवर तुटते ती सातवीपर्यंत न्यायची. गोदाक्काची नात चंपा तेव्हा चौथीत होती. मी शाळा सोडली त्या दिवशी माझ्या वडिलांशी, अण्णांशी, एकटी भांडलेली बाई ही! त्यांनी ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी. पण माझ्या बाजूनं कुणीतरी एक शब्द उच्चारला होता, या जाणिवेवर माणूस परक्या मुलखात किती वर्षं तग धरू शकतो, हे मी तुम्हाला काय सांगू? मास्तर गेले आणि ती पदराची गाठ चाचपत उंबऱ्यावर बसून राहिली. मत मास्तरांना द्यावं तर भंडारा मोडतो, आणि तो बाधायचा तर चंपालाच. जिच्यासाठी द्यायचं, तिच्याच जिवावर!

सरकारनं पडद्याआड पेट्या ठेवल्या होत्या त्या अशाच माणसांसाठी, हे मला आज उमगतं. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाची पेटी, इनामदारांची लाल, मास्तरांची पांढरी. आत कोण कुठे चिठ्ठी टाकतो ते कुणी पाहायचं नाही. केवढी उदार योजना! अण्णा तेच सांगत होते, “वैनी, आत कोण बगतंय? खुशाल टाका पांढऱ्यात.” ती म्हणाली, “माणसं बगत न्हाईत, म्हून तर बिरोबाला बसवलंय न्हवं तितं?” मनुष्याच्या डोळ्यांपासून माणसाला लपवणारा पडदा शिवता येतो, पण ज्याला ती स्वतःच्या मनात घेऊन फिरत होती, त्याच्यापुढे कुठला पडदा टिकणार?

मग तिनं सरळ मार्ग धरला. भर सकाळी ती इनामदारांच्या वाड्याच्या वाटेवर आप्पाला गाठून म्हणाली, “आप्पा, तुमचा भंडारा परत घ्या. मला जमायचं न्हाय.” आप्पा आधी दचकला आणि मग पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात हसला. “परत? गोदाक्का, बाजारातली वांगी हाईत व्हय ही, किडकी निगाली म्हून परत कराय?” ती म्हणाली, “वांगी आसती तर शिजवून खाल्ली आसती रं. खाता येईना, टाकता येईना, म्हून तर आलोय.” “उचललेला भंडारा कुणी परत घेत न्हाय,” असं म्हणून तो निघून गेला. पाण्याच्या पाळीचा त्यानं शब्दही काढला नाही. तो काढावा लागतच नसे.

मतदानाच्या दिवशी इनामदारांच्या गाड्या बैलांना झुली घालून चावडीपुढे उभ्या राहिल्या. गोदाक्का गाडीत बसली नाही. “कुणाच्या गाडीत बसलं की पाय आपलं ऱ्हात न्हाईत,” म्हणाली, आणि आम्ही दोघी तंबाखूच्या रानातून निपाणीकडे चालत निघालो. दर पावलाला तिचा हात गाठीकडे जात होता. मतदान एका शाळेत होतं. मुलांच्या शाळेत, हे ओघानं आलंच. टेबलाशी बसलेला कारकून कानडी बोलणारा. “अज्जी, हेसरू?” त्यानं विचारलं, आणि हिनं आपलं नाव खणखणीत सांगितलं. चिठ्ठी घेऊन ती पडद्याआड गेली. गेली ती गेलीच! रांगेत चुळबूळ सुरू झाली, एकजण म्हणाला, “म्हातारीनं आत चूल मांडली काय रं?” आणि सगळे हसले. अखेर पडदा हलला. ती बाहेर आली तेव्हा पदराचं टोक मोकळं लोंबत होतं, आणि त्याच्या चुरगळलेल्या घडीत पिवळा डाग तेवढा उरला होता.

परतीच्या वाटेवर ती आपणहून म्हणाली, “चिठ्ठी पांढऱ्यात टाकली. भंडारा लाल पेटीत सोडला. हातानं घेईना, तर पेटीत घे म्हटलं. ज्याचं त्याला दिलं गं बाई.”

मला हसू आलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते मावळलं. चंपाला ताप भरला. साधाच असेल, माघात पोरांना येतोच. पण गोदाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. ती काढे उकळी, पोरीच्या कपाळावर ओला फडका ठेवी आणि मधेच स्वतःशी पुटपुटे, “पोचलं न्हाय वाटतं.” तिला धीर द्यावा असं माझ्यापाशी काय होतं? चौथीच्या पुस्तकात असल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सातवीच्या तरी असतं का, कोण जाणे!

ताप उतरेना आणि अशात अण्णा मोजणीची बातमी घेऊन आले. इनामदार निवडून आले होते. ते सर्वांना अपेक्षितच होतं. पण नवल वेगळंच होतं. लाल पेटी उलटी केली तर चिठ्ठ्या पिवळ्याधमक! अधिकारी चक्रावले, इनामदारांच्या माणसांनी तिथेच हात जोडले, आणि बिरोबा स्वतः येऊन मत टाकून गेला अशी हाळी बाजारभर झाली. गोदाक्का चुलीपुढे फुंकणी धरून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही; पण फुंकणी हातात तशीच राहिली.

संध्याकाळी दाराशी वाजंत्री वाजली. आप्पा गुलालानं माखून, हाती द्रोण घेऊन घरोघर फिरत होता. चिठ्ठ्यांवरची झटकून घेतलेली ती हळद आणखी भंडाऱ्यात मिसळून प्रसाद म्हणून वाटत होता. आमच्या दारी येताच तो जरा अवघडला, मग विजयाच्या भरात म्हणाला, “घे गोदाक्का, देवानं दिलेला हाय. आजारी पोरीला लाव.” तिनं हात पुढे केला नाही. आधी विचारलं, “ह्येच्यावर काय बोलायचं न्हाय न्हवं?” “बोलायचं काय? परसाद हाय ह्यो!” “फिरून सांग. काय शबुद देणं न्हाय?” आप्पा वैतागून म्हणाला, “न्हाय म्हटलं न्हवं! कसलं देणं न्हाय, घेणं न्हाय.” “मग आण,” ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. जो परत घ्यायला त्यानं नकार दिला होता तोच भंडारा, शब्दाची गाठ सुटलेला, निव्वळ हळद होऊन, त्याच्याच हातानं तिच्या ओंजळीत आला होता. आप्पाला त्याचा पत्ताही नव्हता! तिनं तो चंपाच्या कपाळाला लावला आणि कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून बसली.

ताप पुढे उतरला. हळदीनं उतरला की काढ्यानं, हा वाद मी घालणार नाही. शाळा काही तेव्हा झाली नाही. चंपाही माझ्यासारखीच चौथीवर थांबली, तिचं लग्न झालं. आता गोदाक्काही नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या रानाला पाण्याची पाळी मात्र नेहमीप्रमाणे आली. देवाचा कौल मिळालेल्या माणसाला राग धरायला कारणच उरलं नव्हतं.

शेजारणीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू? की मत म्हणजे कागदाची एक चिठ्ठी. ती पेटीत पडायला क्षण पुरतो, पण तिथवर पोचण्याआधी हात मोकळा करून घ्यावा लागतो? उद्या खरंच मलाही मत आलं, तर मी कुणाच्या पाटाचं पाणी, कुणाच्या वखारीची सावली पदरात बांधून त्या पडद्याआड जाणार आहे? मालकांनी हाक मारली, पोतं तोलायला घेतलं. धूळ खाली बसली होती. मी तळहात पाहिला; निपाणीच्या तंबाखूचा पिवळा थर त्यावर जमला होता. तो मी लगेच धुतला नाही.