पिवळ्या काचेखालची खाट

आमच्या गावच्या दवाखान्यात बाळंतिणींचा नवा वॉर्ड झाला, तो सिमेंटचा, सपाट छपराचा, खोक्यासारखा. चांदा शहर सोडल्यावर जंगलाच्या या अंगाला तसली इमारत कोणी पाहिली नव्हती. माझे यजमान त्या कामावर ओव्हरसियर होते. भिंतीत चौकोनी झरोके नकाशातच होते. त्यांत लाल, हिरव्या, पिवळ्या काचा बसवायची कल्पना मात्र यांची. उन्हं चढली की पांढऱ्या भिंतींवरून, खाटांवरून रंगांचे चौकोन सरकत जात. आतल्या गावांतून आलेल्या बाया त्यांत हात धरून बघत आणि हसत. दारात उभं राहून ते बघताना यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

माझं पहिलंच बाळंतपण, म्हणून माझी खाट यांनी स्वतः निवडली, पिवळ्या काचेखालची. सगळ्यांत सुंदर उजेड तिथला, म्हणाले. खोटं नव्हतं ते.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाई मार्कंड्याकडच्या गावाहून आल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे तळवे निरखून बघितले.

"पोरगी पिवळी दिसून राह्यली बाप्पा," म्हणाल्या.

हे हसले. "कावीळ झालेल्याले जग पिवळं दिसते म्हणतात, माय. तुले तर नाई झाली? काचेचा रंग आहे तो!"

नर्सबाई हसल्या, शेजारची बाळंतीण हसली. मलाही हसू आलं.

पण पोर दूध ओढेना. दोन घोट घ्यायची आणि मान टाकायची. दुपारी मी तिला हिरव्या चौकोनात धरलं, तर ती हिरवी. लाल चौकोनात नेलं, तर लाल. एवढ्या लांब खोलीत साधा पांढरा उजेड हातभरही नव्हता. मला यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. आईला स्वतःचं मूल धड दिसू नये, ही कसली शोभा!

पोर पदराखाली घेऊन मी दाराकडे निघाले. नर्सबाई आडव्या आल्या. "बाहेर नोका जाऊ बाई, वारा लागन."

"लागू दे लागला तर," माझ्यामागून सासूबाई म्हणाल्या. "जाय तू."

व्हरांड्यात भर ऊन होतं. मी पदर बाजूला केला. पोर हळदीसारखी पिवळी होती, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. आम्ही जगच पिवळं करून ठेवलं होतं, आणि कावीळ झालेलं लेकरू कोणाला दिसत नव्हतं.

हे धावत आले. तिच्याकडे बघितलं आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं.

लाकडं नेणाऱ्या ट्रकमधून आम्ही चांद्याच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. वाटभर सासूबाई पोरीच्या नाकाशी बोट धरून बसल्या होत्या. बोटाला श्वास जाणवला की मान हलवायच्या. मी त्यांच्या मानेकडेच बघत होते, पोरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. एका वळणावर मान बराच वेळ हलली नाही, तेव्हा मी ट्रकची फळी इतकी घट्ट धरली की हातात कुसं गेली. मग ती हलली.

मुलगी वाचली. आम्ही परतलो त्याच आठवड्यात मोठे साहेब यांचा रंगीत वॉर्ड बघायला यायचे होते. ते यायच्या आधी हे शिडी घेऊन गेले आणि माझ्या खाटेवरची पिवळी काच काढून तिथे साधी बसवून आले.

साहेबांना सगळं आवडलं. एवढी एकच काच पांढरी का, म्हणून त्यांनी विचारलं.

"ती लेकरं पाहाची जागा आहे, साहेब," हे म्हणाले.