गट बदललेला गोलकीपर

आपल्या देशाच्या फुटबॉल संघाने आशियाचा गट सोडून ओशनियाच्या बेटांच्या गटात जावं, हे माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. भारत हरला की ते मांडतात, म्हणजे वारंवार मांडतात. नवी मुंबईतल्या तळवली गावात त्यांची चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर ते राहतात, तिसऱ्यावर मी आणि माझी बायको. मॅच असली की मला खाली बोलावणं येतं, आणि जावयाला नाही म्हणायची सोय नसते.

"जावयबापू, तिकडं हाय कोन?" ते म्हणतात. "एक न्यूझीलंड सोडला तर सगली बारकी बारकी बेटा. वर्ल्ड कपची सीट पन थेट मिलते. आपन हितं जपान-कोरियाचा मार कशाला खायाचा?"

माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, "मामा, ऑस्ट्रेलिया तिथे सगळ्यांना धूत होती, तरी तो गट सोडून आपल्याकडे आली. तगड्यांशी खेळायला मिळावं म्हणून. आणि आपण पेपर अवघड आला म्हणून शाळाच बदलायची? हरायचं तर इथेच हरू." एवढं बाणेदार बोलून मी त्यांच्याच सोफ्यावर त्यांच्याच घरचे तळलेले बोंबील खात बसतो.

लग्नानंतर आम्ही इथे दोन महिन्यांसाठी आलो होतो. कोपरखैरण्याचं आमचं बैठं घर तेव्हा कामाला काढलं होतं. माझे वडील, अण्णा, साताऱ्याकडून आले आणि सगळी उमर त्यांनी फळांच्या मार्केटात हमाली केली. माझ्या संसारासाठी ते घरावर एक खोली चढवत होते. खोली झाली, रंगही लागला, पण आम्ही गेलो नाही. आधी पावसाळा आडवा आला. मग बायकोचं ऐरोलीचं ऑफिस इथून जवळ पडत होतं. मग काहीच कारण उरलं नाही, तरी आम्ही इथेच. आता चौथं वर्ष आहे.

सासरी मला त्रास आहे का? मुळीच नाही, आणि तीच पंचाईत आहे. बुधवारी मासळी वर येते. गाडी लावायची जागा कुणी घेत नाही. गॅस संपायच्या आत नवा सिलिंडर दारात असतो. भांडायला निदान एखादं कारण तरी द्या, तर तेही नाही. कधी कधी जिना चढताना मला गुदमरायला होतं. हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, याला सुख टोचतंय.

अण्णा दर रविवारी फोन करायचे आणि शेवटी एवढंच विचारायचे, "खोली झाडून घेतलीया. कवा येताय?" मी म्हणायचो, बघतो.

आमच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात फुटबॉलची स्पर्धा होते. आधार कार्डावर जिथला पत्ता, तिथल्याच टीमकडून खेळायचं, असा नियम. सूट फक्त गावच्या जावयाला. त्याला सासुरवाडीकडून खेळता येतं. पण एकदा फॉर्मवर नाव चढलं की सीझनभर दुसरी टीम नाही. माझं आधार अजून कोपरखैरण्याचं होतं, मी मुद्दामच बदललं नव्हतं. यंदा आपल्या जुन्या गल्लीकडून खेळायचं आणि स्पर्धा संपली की सामान हलवायचं, असं मी ठरवलं होतं. बायकोची हरकत नव्हती. ती म्हणाली, "पप्पांना मात्र तूच सांग."

सांगायला खाली गेलो तर गावचे सात-आठ जण बसलेले. मामांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. "यंदा आमचे जावई गावाचे गोली." टीपॉयवर फॉर्म होता. नाही म्हटलं असतं तर चारचौघांत त्यांची मान खाली गेली असती. मी चहा प्यायलो आणि सही केली. चहा पिऊन होईपर्यंत मला वेळ होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

सेमीफायनलला समोर आमचीच गल्ली आली. अण्णा पलीकडच्या रेषेवर, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि अगदी शेवटी गल्लीला पेनल्टी मिळाली.

मला बॉल धरायला अण्णांनीच शिकवलंय. ट्रकवरून फेकलेलं कलिंगड हमाल नुसत्या हातांनी झेलत नाही, मनगट जातं. "हातानं न्हाय, छातीवर घे आन् मागं सरक," असं म्हणत ते घरासमोर मला बॉल मारायचे. त्या पेनल्टीला मी ठरवलं होतं की एका बाजूला झेप घ्यायची आणि बॉल जाऊ द्यायचा. खरंच ठरवलं होतं. पण बॉल सरळ अंगावर आला. मी छातीवर घेतला, मागे सरकलो आणि धरला.

तळवलीच्या पोरांनी मला उचलून घेतलं. खाली उतरलो तेव्हा समोर अण्णा उभे होते. माझ्या जर्सीवरची माती त्यांनी हाताने झटकली.

"ब्येस धरलास," ते म्हणाले. मग हात पुसत म्हणाले, "पुतण्या आलाय गावाकडनं, कामाला. वरची खोली त्याला देतो. रिकामी ठिवून काय करायची?"

रागावले असते तर मी पाया पडलो असतो, माफी मागितली असती. ते रागावले नव्हतेच. मी म्हटलं, बरं. ते टोपी घालून रिक्षाकडे गेले.

पुढच्या महिन्यात भारत पुन्हा हरला. खालून बोलावणं आलं, बोंबील आले, आणि मामांनी बेटांचा विषय काढून माझ्याकडे बघितलं. मी वाद घालीन म्हणून ते सावरून बसले होते.

"जाऊ दे की तिकडे," मी म्हटलं. "फक्त एकदा गेल्यावर परत येता येतं का, तेवढं विचारून घ्यायला हवं, मामा."

"परत कशाला यायचा?" त्यांना खरंच कळलं नाही. "तिकडं सगला बरा असल्यावर?"

आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.