आवाज मोठा झाला तेव्हा

नव्वदच्या दशकात वडील धरणावर नोकरीला होते आणि आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहत होतो. मुलांच्या एका टीव्ही मालिकेचं शूटिंग धरणाच्या काठी आलं. त्यांची छोटी नायिका होडीत बसायलाच तयार होईना. बघ्यांच्या घोळक्यातून दिग्दर्शकांनी मला बोलावलं. ‘‘पाण्याला घाबरतेस?’’

‘‘नाय,’’ मी म्हटलं आणि होडीत जाऊन बसले.

त्या एका प्रसंगावरून मला मालिकेत छोटी भूमिका मिळाली, मग मोठी. आई शिवणकाम बाजूला ठेवून माझ्याबरोबर मुंबईला यायची. शहापूरच्या बाजारात लोक मला ‘टीव्हीवाली’ म्हणायचे. पण नववीत मी ताडमाड वाढले. नव्या मालिकेच्या निर्मात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाले, ‘‘आता ही लहान दिसत नाही, आणि मोठीही दिसत नाही.’’ त्यानंतर बोलावणं आलं नाही. टीव्हीवाली ही हाक मला बोचू लागली.

पुढे मुरबाडला कॉलेजात गेले. तिथे मराठी शिकवणाऱ्या बाई दरवर्षी नाटक बसवायच्या. मी नाव दिलं आणि त्यांनी मला सत्तरीच्या म्हातारीची भूमिका दिली. माझा चेहरा पडलेला पाहून त्या म्हणाल्या, ‘‘तुझा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो विसरायला लाव लोकांना.’’

पहिला प्रयोग सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात, देवळापुढच्या अंगणात होता. माइक नव्हताच. मी कॅमेऱ्यापुढे बोलायचे तशी, हळू आवाजात, अगदी मनापासून बोलत होते. अचानक मागून एका आजींचा आवाज आला, ‘‘आयकू येत नाय गो! आमी काय तोंडाकडं बगत बसू?’’

सगळं अंगण हसलं. मी वळून पाहिलं. विंगेत बाई उभ्या होत्या, पण त्यांनी काहीच खूण केली नाही. मी काठी टेकत पुढे आले आणि म्हातारीच्याच सुरात म्हणाले, ‘‘तुमी पन म्हाताऱ्या, मी पन म्हातारी. आता आयका, परत सांगते.’’ आणि वाक्य पोटातून काढलं. पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो माझ्या बाजूचा होता. शेवटच्या प्रवेशात ते अंगण इतकं शांत झालं, की मला माझा श्वास ऐकू येत होता.

प्रयोगानंतर त्याच आजी मला घरी घेऊन गेल्या. नाचणीची भाकरी वाढत म्हणाल्या, ‘‘मगाशी वरडले, राग नको धरू गो. तू शेवटी रडलीस ना, तवा माज्या सासूची आठवन आली.’’ मी टीव्हीवर होते हे त्यांना माहीतही नव्हतं.

बाईंनीच पुढे मुंबईच्या एका नाटकमंडळीकडे मला नेलं. आधी कपडे सांभाळले, मग दासी, शेजारीण अशी कामं केली, आणि काही वर्षांनी मुख्य भूमिका मिळाली. आज नाटक हेच माझं काम आहे. त्या निर्मात्यांवरही राग उरलेला नाही. त्यांनी तेव्हा मला घेतलं असतं, तर मी मुरबाडला गेले नसते. आणि ‘आयकू येत नाय’ असं तोंडावर सांगणारं माणूस मला कुठे भेटलं असतं?