सक-जूची सव्विसाव्या वर्षी साठी

कोरियातल्या देगू शहराच्या ज्या व्हिडिओगेम संघाचा मी स्वयंपाक करायचे, त्यात बांग सक-जू सगळ्यांत म्हातारा होता. वय सव्वीस. बाकीची सतरा-अठराची पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणायची आणि जिना चढताना त्याचा हात धरायची.

मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी चाहत्यांनी त्याची चक्क साठी साजरी केली. त्याला रेशमी हानबोक, म्हणजे तिकडचा पारंपरिक पोशाख, घातला. पुढ्यात तांदळाच्या वड्यांचा मनोरा मीच रचला. चाहत्या मुली एकेक करून त्याच्या पाया पडू लागल्या, तेवढ्यात आंदोंगहून त्याचे खरे आजोबा आले.

“ऊठ रे! मी जिवंत असताना तू नमस्कार घेतोस?”

“आबा, माझा हात मंदावलाय म्हणतात.”

“कितीने?”

“सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आबांनी गंभीरपणे मान हलवली. “मग वय झालंच म्हणायचं. सरक जरा.” आणि ते शेजारी बसून नमस्कार घेऊ लागले.

सामना आम्ही हरलो. पत्रकारांनी सक-जूला निवृत्तीचं विचारलं, तर आबाच उसळले, “कसली निवृत्ती? पोराची अजून तरुणपणीची सक्तीची सैन्यातली नोकरी व्हायचीय!”