शोधाच्या चौकटीत गोखलेकाकू

आमच्या वाचनालयाची नवी वेबसाइट वापरायला सोपी आहे का, हे तपासायला पुण्याहून एक मुलगी आली होती. तिने आधी सुमनताईंनाच संगणकासमोर बसवलं. सुमनताई तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर आहेत. मी शेजारी पेपर वाचत होतो, म्हणजे कान तिकडेच होते.

"ताई, पक्ष्यांवरचं पुस्तक शोधा. मी नुसती बघणार, काही सांगणार नाही," मुलगी म्हणाली.

सुमनताईंनी शोधाच्या चौकटीत एका बोटाने सावकाश टाइप केलं, 'गोखलेकाकू'. काहीच सापडलं नाही.

"अहो, पुस्तकाचं नाव लिहायचं." मुलीला राहवलं नाही.

"नाव कशाला? ते काकूंकडेच असतं. नातू आला की नेतात."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आपण कपाटात पुस्तकं शोधतो आणि या बाईंनी मनात अख्खं गाव लावून ठेवलंय. कोणाच्या उशाशी काय आहे, कोण पानं दुमडतो, कोण शेवट आधी वाचतो. आपणही त्यात कुठेतरी आहोत, या विचाराने उगीच बरं वाटलं.

"बरं, आता योगासनांचं पुस्तक शोधा."

सुमनताईंनी क्षणभर विचार केला आणि माझं आडनाव टाइप केलं.

"हे कोण?"

"हे काय, शेजारीच बसलेत. दोन वर्षं झाली नेऊन."

मुलीने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं.